नखाएवढा रंग

आमच्या घरात दिवसा मोठ्यानं बोलायचं नाही, हा मला कळायला लागल्यापासूनचा नियम. आबा, माझे वडील, दिवसा झोपायचे. गडमुडशिंगी हे आमचं गाव, पण तिथं आमची स्वतःची जमीन नव्हती. आबा दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायचे. शेतीच्या मोटारींना थ्री फेज लाईट बहुतेक रात्रीचीच यायची, त्यामुळं ऊस रात्री पाणी प्यायचा, मालक घरात झोपायचे, आणि आबा गुडघाभर चिखलात उभं राहून एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायचे. सकाळी मी दप्तर भरत असायचे तेव्हा ते परत यायचे. पाय पाण्यात राहून पांढरेफटक आणि सुरकुतलेले, जणू दुसऱ्याच कुणाचे तरी पाय लावून आलेत. चहा-भाकरी खाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले की घर मुकं व्हायचं.

खोली एकच. आई कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून. भात पातेल्यात शिजायचा. पीठ मळताना बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची. मला रागवायची तेही कुजबुजत. कुजबुजत मिळालेल्या शिव्या जास्त लागतात, हे ज्यांनी खाल्ल्यात त्यांनाच ठाऊक. शाळेला सुट्टी असली की मी पुस्तक घेऊन स्टँडच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. लोकांना वाटायचं पोरगी अभ्यासू आहे. खरं म्हणजे मला मोठ्यानं वाचायला तेवढीच एक जागा होती.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, केमिस्ट्रीत. रोज बसनं कोल्हापूरला जायचं आणि यायचं. नंतर विद्यापीठात पीएच.डी.ला जागा मिळाली आणि माझ्या वाट्याला रंग आले.

सोलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छपरावरची काळी-निळी पाटी येते. आमचं काम त्यातलं नव्हे. आम्ही काचेवर एका पांढऱ्या पावडरीचा पातळ थर द्यायचो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पावडर, आणि ती काच आम्ही बनवलेल्या रंगात बुडवून ठेवायचो. पावडर एकटी ऊन नीट पकडत नाही. तिला चिकटलेला रंग ऊन पकडतो आणि त्यातून सुटलेला इलेक्ट्रॉन पावडरीच्या हातात देतो. तिथून वीज सुरू होते. हा रंग कसा असावा हे आधी कागदावर आणि कॉम्प्युटरवर ठरवायचं, मग चंबूत करून बघायचं, हे माझं काम. रेणूचं एक टोक इलेक्ट्रॉन देणारं, दुसरं ओढून घेणारं आणि पावडरीला घट्ट धरणारं, मध्ये पूल. पूल लांब केला की रंग गडद होतो, जास्त ऊन पितो. पण फार लांब केला की हे रेणू पावडर सोडून एकमेकांच्याच गळ्यात पडतात, आणि वीज तिथंच मरते. लांब करायचं, पण गळ्यात पडू द्यायचं नाही. सगळी कसरत एवढीच. माझी बोटं कायम लाल-जांभळी असायची. बसमध्ये बायका विचारायच्या, "मेंदी काढलीस काय गं?"

माझ्या मार्गदर्शक मॅडम मंगळवार पेठेत राहायच्या. स्तुतीसुद्धा तपासणीला आल्यासारखी करायच्या. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मॅडम, मी येतो उद्या." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. लॅबमधली मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ये. पण येताना वाचून ये."

आबांना मी कधीतरी सुरुवातीला समजावलं होतं. ते उठून बसले होते, मी त्यांना चहा दिला होता. म्हणाले, "नेमकं काय करालीस त्या कॉलेजात?"

"उन्हातनं लाईट काढायचं काम हाय आबा. रंगानं."

"दिवसा?"

"दिवसाच की. ऊन काय रात्री असतंय?"

आबांनी बशीत उरलेला चहा संपवला. "म्हंजे मोटर दिवसा चालंल."

"चालंल की," मी म्हणाले. दोनच शब्द. सोपं करून सांगायच्या नादात मी ते बोलून गेले. आबांनी ते कायमचं धरून ठेवलं.

तिसऱ्या वर्षी मी एक रंग केला. गर्द, पिकलेल्या जांभळासारखा. मधला पूल मी जरा धाडस करून लांबवला होता आणि बाजूला फांद्या लावल्या होत्या, रेणूंनी अंतर राखावं म्हणून. सूर्यासारखा उजेड देणारा एक दिवा आमच्याकडं असतो, त्याखाली सेल, म्हणजे दोन काचांत बंद केलेला आमचा रंग, ठेवून वीज मोजतात. मोजताना सेलवर काळा पत्रा ठेवायचा. त्या पत्र्याला मोजून मापून पाडलेलं एक चौकोनी भोक असतं. त्याला आम्ही मास्क म्हणायचो. मास्क नसला तर काचेच्या कडांवर पडलेला उजेडही आतल्या आत उड्या मारत रंगापर्यंत पोचतो, आणि रंगानं न कमावलेली वीज त्याच्या नावावर लागते. यावेळच्या काचा थोड्या मोठ्या होत्या, जुना मास्क त्यांच्यावर बसेना. मी म्हटलं, आधी नुसतं बघू चालतोय का, मास्क मागाहून कापून घेऊ.

आकडा आला तो आमच्या लॅबमध्ये कुणी पाहिला नव्हता. आधीच्या रंगाच्या जवळजवळ दुप्पट. मुलं ओरडली. मॅडम बाहेरगावी होत्या, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "छान. पुन्हा मोज." मी पुन्हा मोजलं. तसंच मोजलं, तोच आकडा आला. आणि मग मी दुसरा फोन आबांना केला.

"आबा, माझा रंग चालला."

आबा म्हणाले, "चालला?"

"जोरात चालला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा डेअरीवर गेले. गावातली निम्मी माणसं सकाळी दूध घालायला तिथं असतात. ज्यांच्या उसाला आबा पाणी पाजायचे त्यांतले मोठे मालकही असतात. गाव त्यांना अण्णा म्हणतं. सगळ्यांच्या देखत आबा म्हणाले, "अण्णा, औंदाची उसाची लागण दुसऱ्याकडनं पाजून घ्या. म्या आता रात्रीचं येत न्हाय. पोरीनं दिवसाच्या लाईटचं काम केलंय."

हे मला नंतर कळलं. आधी दिसला तो बोर्ड.

थोरला चुलत भाऊ, मी त्याला दादा म्हणते, स्टँडजवळ डिजिटल बोर्ड छापतो. आमच्याकडं कुणाची निवड होवो, वाढदिवस होवो, म्हैस स्पर्धेत पहिली येवो, चौकात बोर्ड लागलाच पाहिजे. दादानं मला न विचारता लावला. मी बसमधून उतरले आणि समोर मीच. घरापेक्षा मोठी. पाठीमागं उगवता सूर्य, त्याच्याखाली छपरावरच्या काळ्या पाट्यांची रांग. त्या पाट्यांशी माझ्या रंगाचा काडीचा संबंध नव्हता. वर मोठ्या अक्षरांत 'सूर्याला रंग लावणाऱ्या गावच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे फोटो, गॉगल लावलेली पोरं. त्यातली निम्मी मी ओळखतही नव्हते.

"कसा हाय?" दादानं विचारलं.

"माझे दात एवढे पांढरे कवा झाले?"

"म्या केले. फुकट."

त्याच रविवारी समाजमंदिरात सत्कार झाला. मला फेटा बांधला. शाल, नारळ, रोपटं. भाषण करणारे म्हणाले, "आता आपल्या गावात लाईटबिल येणार न्हाय!" लोक हसले, टाळ्या झाल्या. मी हात जोडून बसले होते. मला हे आवडत होतं. खोटं कशाला सांगू, फार आवडत होतं. शेजारच्या खुर्चीवर आबा, धुतलेला पांढरा शर्ट घालून, भर दुपारी टक्क जागे.

सोमवारी मॅडम परत आल्या. त्यांनी आकडे बघितले, काचा बघितल्या, एक काच उजेडाकडं धरली. मग विचारलं, "मास्क कुठला लावला होतास?"

मी खणातला जुना मास्क काढून दाखवला.

"लावला नव्हतास."

"काचा मोठ्या होत्या मॅडम. म्हटलं आधी..."

"काप आता. माझ्यासमोर मोज."

मी काळा पत्रा कापला. भोक पाडलं, कडा घासल्या, सेलवर बसवला. दिवा लागला. आकडा खाली आला, आधीच्या रंगाच्या आकड्यापाशी येऊन थांबला. मी परत लावलं. परत तोच. नवा रंग जुन्याइतकाच होता, बस्स. वाईट नव्हता. पण दुप्पट तर सोडाच, थोडासुद्धा वरचढ नव्हता. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत मांडायचा गोषवारा आम्ही हाच आकडा घालून पाठवला होता. मॅडमनी तिथंच बसून तो मागं घेतला. मला म्हणाल्या, "असं होतं. ज्यांचं झालं नाही त्यांनी मोजलेलं नसतं. घरी जा, झोप काढ."

त्यांना बोर्डाचं ठाऊक नव्हतं.

मी घरी गेले. दारातच थबकले. आमच्या घरातून आवाज येत होता. टीव्ही चालू होता. कुकरची शिट्टी झाली, पाठोपाठ दुसरी. आई शेजारणीशी मोठ्यानं बोलत होती, हसत होती, आणि तिच्या बांगड्या मनगटावर वाजत होत्या. आबा कॉटवर मांडी घालून बातम्या बघत होते. एवढ्या वर्षांत आमच्या घराचा दुपारचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि तो बंद करायला आले होते.

"आबा, टीव्ही जरा बारीक करा."

त्यांनी बंदच केला. मी सांगितलं. मास्कचं सांगितलं, कडेच्या उजेडाचं सांगितलं.

"म्हंजे चालत न्हाय?"

"चालतंय. पर सांगितलं तेवढं न्हाय."

"आन मोटर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आकडा बरोबर आला असता तरी मोटार चालणार नव्हतीच. मी पर्समधून तो सेल काढला आणि आबांच्या तळहातावर ठेवला. दोन काचांमध्ये नखाएवढा जांभळा चौकोन. इतक्या वर्षांत हे मी त्यांना एकदाही दाखवलं नव्हतं. लाज वाटायची, एवढंसं काय दाखवायचं म्हणून. आबांनी तो उलटापालटा केला.

"एवढाच?"

"एवढाच."

"ह्याच्यासाठनं फेटा बांधला व्हय तुला?"

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. आई उठली आणि तिनं गॅस बारीक केला.

संध्याकाळी आबा अण्णांकडं निघाले. मी म्हटलं, मी बरोबर येतो. ते नको म्हणाले नाहीत. अण्णा डेअरीच्या पायरीवर बसले होते, भोवती चार-पाच माणसं. आम्हाला बघून अण्णा म्हणाले, "या की पावणं! बसा. आज इकडं कशी वाट वाकडी केली?" आपल्याच गावच्या माणसाला पावणं म्हटलं की काय ते बाकीच्यांना समजतं. एकजण खाली बघून हसला.

आबा उभेच राहिले. "लागणीला कोण ठेवलंय?"

"अजून कोण न्हाय. का? सूर्य मावळला व्हय?"

"माझी चूक हाय अण्णा," मी म्हणाले. "मोजण्यात चुकलं माझं. आबांची काय चूक न्हाय."

"अगं, तुला कोण काय म्हणालंय?" अण्णा म्हणाले. "तू शिकलेली हाईस. तुझा बोर्ड लागलाय." मग आबांकडं बघून, "उद्या लाईट हाय. या की."

माणूस वाईट नव्हता. त्यानं काम परत दिलं. पण ते 'या की' मी आजही विसरले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा पांढरे पाय घेऊन आले, चहा-भाकरी खाल्ली, भिंतीकडं तोंड केलं. आईनं भाताचं पातेलं काढलं.

राहिला बोर्ड. मी दादाकडं गेले. "काढ त्यो."

"काढता येत न्हाय बाई."

"का? तूच लावलायस न्हवं?"

"लावला म्या. पर त्यावर पोरांचे फोटो हाईत. शुभेच्छुकांना न विचारता काढला तर उद्या माझं दुकान फोडतील. आन काढायचं कारण काय सांगू? गावात कोण स्वतःचा बोर्ड काढतंय व्हय? त्याच्यावर दुसरा लागला की त्यो आपोआप जातोय."

"मग दुसरा लाव."

"कुणाचा लावू? सध्या कुणाचाच वाढदिवस न्हाय."

म्हणून मी रोज सकाळी माझ्याच तोंडाखालून बसमध्ये चढले आणि रोज संध्याकाळी माझ्याच तोंडासमोर उतरले. कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, सूर्याला दुसरा हात कवा मारायचा?" शेडमध्ये, जिथं मी लहानपणी मोठ्यानं वाचायचे, तिथं आता मान खाली घालून उभी राहायचे. अलीकडच्या स्टॉपवर उतरून चालत यायचं मनात आलं. एकदा आलेही. आईनं पायावरची धूळ बघून ओळखलं. कुजबुजत म्हणाली, "लपत येऊ नगंस. तुझ्या बापाला रोज त्याच चौकातनं जायचं असतंय." त्यानंतर मी तिथंच उतरत राहिले.

उन्हाळा लागला. बोर्ड तसाच. पण उन्हानं त्यातला लाल जायला लागला, मग पिवळा. सूर्य आधी पांढरा पडला. शुभेच्छुक पोरं करड्या रंगाची झाली. माझं तोंड निळं झालं, पाण्यातून काढल्यासारखं. फक्त एका कोपऱ्यावर शेजारच्या झाडाची सावली होती, तिथं माझा एक कान आणि ओढणीचा काठ अजून तांबडा होता.

मी बसची वाट बघत त्या कानाकडं बघत राहायचे. आमचे रंगही उन्हात मरतात हे मला पाठ होतं. लॅबमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिव्याखाली ठेवलेला सेल काही दिवसांत फिका पडायचा, आम्ही तोवर आकडा घेऊन नवा केलेला असायचा. जो रंग उन्हात ठेवायला बनवायचा तोच उन्हात उडतो, आणि मी तीन वर्षं आकड्याच्या मागं धावत होते. मला मोठा आकडा हवा होता, चौकात लावण्याजोगा. हे कळलं तेव्हा मास्क विसरल्यापेक्षा जास्त लाज वाटली. पत्रा विसरणं एका दिवसाचं होतं. हे रोजचं होतं.

मॅडमना म्हणाले, "मला टिकणारा रंग करायचाय. आकडा कमी आला तरी चालेल."

"कमीच येईल," त्या म्हणाल्या. "आणि वेळ जाईल."

वेळ गेला. माझ्या जांभळ्या रंगात पुलाजवळचा एक जोड उजेडात सारखा वळायचा, आणि वळता वळता तुटायचा. मी पूल आखूड केला. तो जोड एका बंद कड्यात अडकवला, म्हणजे त्याला वळायलाच जागा राहू नये. लिहायला हे दोन वाक्यांत झालं. करताना किती चंबू ओतून दिले ते विचारू नका. कितीतरी वेळा हाती तपकिरी डांबर आलं. शेवटी जो रंग आला तो दिसायला साधा होता, विटकरी. मुलं म्हणाली, हा काय ऊन पिणार? मी काळा पत्रा लावला, मोजला. आकडा जांभळ्यापेक्षा कमी. मग सेल दिव्याखाली ठेवला आणि नवा केला नाही. रोज तोच मोजला. जांभळा फिका पडून गेला त्याच्या कितीतरी नंतरही विटकरी विटकरीच होता.

यावेळी मी कुणाला फोन केला नाही. आबांना संध्याकाळी ते उठल्यावर सांगितलं, आणि सेल आधी हातावर ठेवला, मग बोलले.

"ह्यानं मोटर चालत न्हाय," मी म्हणाले.

"म्या विचारलं न्हाय," आबा म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "ह्यो उडत न्हाय व्हय?"

"अजून तरी न्हाय."

त्यांनी तो परत दिला. तोंडावर हसू नव्हतं, पण परत देताना काच पुसून दिली.

त्या दिवाळीत माझ्या बोर्डावर कुणाच्या तरी निवडीचा बोर्ड लागला. मी बसमधून उतरले, बघितलं, आणि मला रडू आलं. कशाचं ते नेमकं सांगता येणार नाही. पीएच.डी. मिळाली तेव्हा दादानं नव्या बोर्डासाठी फोटो मागितला. आबाच म्हणाले, "बोर्ड नगं." दादा हिरमुसला. आईनं त्याला शिरा खायला घातला.

आबा त्यानंतर आणखी एक हंगाम रात्रीचे गेले. ती लाज मी कशानं धुवू शकले नाही, रंगवूही शकले नाही. पुढं अण्णांच्या विहिरीवर सरकारी योजनेतून सौर पंप बसला. त्याच काळ्या पाट्या, दादाच्या बोर्डावरच्या. त्यांत माझ्या रंगाचा थेंब नाही. आबा आता दिवसा पाणी पाजतात आणि रात्री घरी झोपतात. आई कुकर लावते.

मी आता कोल्हापुरात कॉलेजात शिकवते. माझा विटकरी रंग टिकला. त्याचा आकडा लहान आहे, मास्क लावून मोजलेला आहे, आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेतही तेवढाच आला. त्या रंगाच्या नखाएवढ्या सेलांची एक ओळ आमच्या गावच्या घराच्या खिडकीत ठेवली आहे. तिच्यावर आकड्यांचं एक छोटं घड्याळ चालतं.